रोज ताजं तेल घालूनही तळाशी जुनीच काजळी: कासार्ड्याच्या एका वाळूच्या ट्रकचं प्रकरण

कणकवलीच्या बाजूला महामार्गाला लागून माझं गॅरेज आहे. जानेवारीत एक दिवस सकाळीच एक सहा टायरी ट्रक दारात येऊन उभा राहिला. इंजिन ६९७, म्हणजे सहा सिलिंडर आणि प्रत्येकाचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ९७ मिलिमीटर. साधं इंजिन, टर्बो नाही, कॉम्प्युटर नाही. मालक स्वतःच गाडी चालवतात, वय साठीच्या घरात. कासार्ड्याच्या खाणींतली सिलिका वाळू भरायची, फोंडाघाट चढून दाजीपूर-राधानगरीमार्गे कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना टाकायची आणि रिकामं परत यायचं. येऊन-जाऊन दोनशे किलोमीटरच्या थोडं वर. वर्षानुवर्षं हीच फेरी.

काका आले होते ते ऑइलसाठी नाही, पुढच्या स्प्रिंगचं पान तुटलं होतं म्हणून. पण गाडी बंद करताना मागून निळसर धुराचा लोट आला. मी सहज विचारलं, "काका, ऑइल कधी बदललं होतं?"

"बदलूचा कशाक? मिस्त्री, ही रोज नवा ऑइल पिता. मगे जुना रवला खंय?"

हा प्रश्न मी पंचवीस वर्षांत निदान शंभर जणांकडून ऐकला असेन. तो अडाण्याचा प्रश्न नाही, त्यात तर्क आहे. म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवं आणि म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. काकांनी दीड वर्षात एकदाही तेल खाली केलं नव्हतं. फिल्टरही तोच होता. फक्त वरून ओतत होते.

तर्क कुठपर्यंत बरोबर आहे

आधी काकांच्या बाजूने हिशेब मांडू. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दोन फेऱ्यांना एक लिटर, म्हणजे चारशे किलोमीटरला लिटर. या गाडीत तेलाची पातळी बघायच्या पट्टीच्या वरच्या खुणेपर्यंत चौदा लिटर बसतं. समजा चौदा तांब्यांचा एक हंडा भरलेला आहे, त्यातून रोज तांब्याभर पाणी काढायचं आणि तांब्याभर ताजं घालायचं. असं चालत राहिलं तर हंड्यातलं पाणी सरासरी चौदा दिवसांचं राहील. तसं इथलं तेल सरासरी ५६०० किलोमीटरचं. आमच्या भागात अशा इंजिनाचं ऑइल आठ-नऊ हजारांवर बदलायची रीत आहे. त्या मानाने ५६०० काही वाईट आकडा नाही. काकांचं गणित इथपर्यंत चोख आहे.

चूक पुढे होते. हंड्यातून पाणी काढलं तर त्यातला गाळही थोडा बाहेर जातो. गळतीतून जाणारं तेल असंच असतं, ते आपली घाण बरोबर घेऊन रस्त्यावर पडतं. पण जळून जाणाऱ्या तेलाचा मोठा भाग पिस्टनच्या वरच्या कडेला आणि लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीच्या, गरम भिंतीवर वाफ होऊन जातो. वाफ आधी होते ती हलक्या भागाची. जड भाग, काजळी, झिजलेल्या धातूची पूड आणि काम संपलेली रसायनं बरीचशी मागेच राहतात. काकांचं आजोळ शिरोड्याचं. तिथली मिठागरं त्यांनी लहानपणापासून पाहिलेली, १९३० च्या सत्याग्रहाच्या गोष्टी तिथल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्या. मी म्हटलं, "काका, मिठागरात भरतीचं पाणी घेतात, ते उन्हाने आटतं, पुन्हा घेतात. रोज ताजं पाणी येतं म्हणून मीठ कमी होतं का?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझी गाडी मिठागर झाली म्हण."

आणखी एक गोष्ट त्यांच्या हिशेबात नव्हती. ज्या इंजिनाच्या पिस्टनवरच्या रिंगा झिजल्या आहेत, त्यात जळलेला वायू रिंगांच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, उतरतो. आम्ही त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. त्या वायूबरोबर काजळी, पाण्याची वाफ आणि आम्ल खाली येतं. धडधाकट इंजिनापेक्षा हे प्रमाण कितीतरी जास्त. म्हणजे तेल खाणाऱ्या इंजिनाचं तेल दर किलोमीटरला जास्त घाण होतं. त्यात फिल्टर भरला की आतला बायपास वाल्व उघडतो आणि बेअरिंगांना न गाळलेलं तेल मिळू लागतं. तेल मिळतच नाही यापेक्षा ते बरं, म्हणूनच ती सोय ठेवलेली असते. पण दीड वर्ष त्याच सोयीवर गाडी चालवायची म्हणजे बेअरिंगांची परीक्षाच बघणं.

मी ब्लॉटिंगच्या कागदावर पट्टीचा एक थेंब सोडला. चांगल्या तेलाचा थेंब पसरतो, मध्ये गडद आणि कडेला राखाडी वलय येतं, कारण काजळी तेलात सुटी तरंगत असते. हा थेंब पसरलाच नाही. मध्ये चिकट काळा ठिपका आणि बाजूला फिकट तेलकट कड. काजळीचा गोळा होऊ नये म्हणून तेलात जे रसायन असतं ते संपल्याची ही खूण. काकांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

आधी मोजणी

खरं तर मला त्याच दिवशी तेल खाली करायचं होतं. पण काकांना वाटत होतं की इंजिन उघडावंच लागणार आणि त्यासाठी आत्ता पैसे नव्हते. "ह्या खर्चाक आता माझ्याकडे पैसे नाय. पावसात बघूया." पावसाळ्यात वाळूचं काम थंडावतं, गाडी उभीच असते, हे खरं. मग मी म्हटलं, इंजिन उघडायचं की नाही हे नंतर ठरवू. आधी तेल किती जातं आणि कुठून जातं ते बघू. मध्ये आणखी थोडे दिवस त्याच तेलावर गाडी चालेल, पण नंतर पडताळायला आकडा हातात असेल.

एक शंभर पानी वही घेतली. रोज सकाळी, इंजिन सुरू करायच्या आधी, काकांच्या अंगणातल्या एकाच सपाट जागेवर पट्टी बघायची. घातलेलं तेल मापाने घालायचं. डिझेल आणि किलोमीटर लिहायचे.

पहिल्या दोन दिवसांतच एक गोष्ट उघड झाली. काका आतापर्यंत पट्टी बघायचे ती खाणीवर, वाळू भरताना, गाडी बंद करून दोन मिनिटांत. तिथे जमीन उतरती, आणि वर गेलेलं तेल अजून सम्पमध्ये, म्हणजे तळाच्या टाकीत, परत आलेलं नसतं. पट्टी कमी दाखवायची, ते ओतायचे. सकाळी अंगणात बघितलं तर तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं. जास्तीचं तेल फिरत्या क्रँकला लागून उडतं, त्याचा फेस होतो, लायनरच्या भिंतींवर गरजेपेक्षा जास्त बसतं आणि जळतं. गाडी तेल पितेय म्हणून ओतायचं, आणि ओतल्यामुळे ती आणखी पिते. जुन्या गाड्यांत मी हे कितीदा तरी पाहिलं आहे.

दहा फेऱ्यांची वही: २०६० किलोमीटर, डिझेल ५१५ लिटर, तेल ५ लिटर १०० मिली. म्हणजे जळलेल्या डिझेलच्या एक टक्का. माझा स्वतःचा अंदाज असा की, अशा जुन्या इंजिनाला पाव टक्क्यापर्यंत तेल लागलं तर मी काही म्हणत नाही. अर्ध्या टक्क्याला कारण शोधायला लागतो. एक टक्का झाला की मालकाला इंजिनाच्या कामासाठी पैसे बाजूला काढायला सांगतो. पण एक टक्का तेल सगळं रिंगांवाटेच जातं असं मानणं चूक ठरतं, आणि इथे तसंच झालं.

तेल कुठे जात होतं

धूर निळसर होता तो मुख्यतः सकाळी सुरू करताना, बराच वेळ आयडलवर ठेवल्यावर आणि फोंडाघाट गिअरमध्ये उतरून खाली पुन्हा ॲक्सिलरेटर दिला की. चढणीवर लोड घेताना उलट काळसर. हे रिंगांकडे बोट दाखवतं. डिझेलमध्ये रिंगांना लायनरवर दाबून धरायला ज्वलनाचा दाबही मदत करतो. आयडलवर तो दाब कमी असतो आणि उतारावर जवळजवळ नसतोच, त्यामुळे सैल रिंगेला तेल अडवता येत नाही. मी तेल भरायचं झाकण काढून इंजिन चालू असताना तोंडावर उलटं ठेवलं. ते थरथरत सरकून खाली पडलं. इंजिनाच्या पोटातला वायू सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून धूर. एवढं पुरेसं होतं.

कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, घेतलं तेव्हा पाच सिलिंडर एकमेकांच्या जवळपास आणि सहावा चार बारने कमी. पेट्रोलच्या इंजिनात अशा वेळी सिलिंडरमध्ये थोडं तेल ओतून पुन्हा घेतात, दाब वाढला तर रिंग, नाही वाढला तर वाल्व. डिझेलमध्ये मी तसं करत नाही. ज्वलनाची जागा इतकी लहान असते की चमचाभर तेलानेही आकडा फसवा चढतो. माझा संशय सहाव्याच्या वाल्ववर होता. तो चुकीचा होता, पण ते जूनमध्ये कळलं.

पुठ्ठा घालून रात्रभर गाडी उभी केली. सकाळी टॅपेट कव्हरच्या खाली एक डाग आणि क्लचवरच्या बेल हाउसिंगच्या खाली दुसरा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग तासाभराचं काम. क्रँकचं मागचं सील मात्र गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय होत नाही. ते पावसाळ्यावर सोडलं.

आता ज्या गोष्टीकडे मी पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं, ती. काकांचा पोरगा संध्याकाळी हवेच्या टाक्यांचा ड्रेन उघडून पाणी काढत होता. पाण्याबरोबर दुधाळ, मळकट तेल येत होतं. मी विचारलं, रोज येतं? तो म्हणाला, रोज कपभर तरी. तो कप कुठल्याही हिशेबात नव्हता.

ट्रकचा एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच तेलावर चालतो. त्याच्या रिंगा गेल्या की इंजिनाचं तेल हवेबरोबर टाकीत जातं. लोक इंजिनाकडे बघत राहतात आणि तेल ब्रेकच्या नळ्यांतून फिरत असतं. डिलिव्हरी पाइप सोडला तर आत काळा, कडक कार्बन. भोक निम्मं बुजलेलं. हे बघून मी खरंच घाबरलो. ब्रेक वाल्वचे रबर तेलाने फुगतात, कार्बनचा कण वाल्वमध्ये अडकला तर ब्रेक सुटत नाही किंवा लागत नाही. भरलेला ट्रक, फोंडाघाटाची वळणं आणि मागे-पुढे एसटी. मी काकांना स्पष्ट सांगितलं, तेल किती जळतं हा तुमच्या पैशाचा प्रश्न आहे, हा मात्र रस्त्यावरच्या सगळ्यांचा आहे. कॉम्प्रेसर झाल्याशिवाय वाळू भरायची नाही. त्यांनी वाद घातला नाही.

कॉम्प्रेसर उघडला तेव्हा मूळ कारण सापडलं. त्याच्या सिलिंडरवर उभे बारीक ओरखडे, राखाडी, खरखरीत. तेल कमी पडल्याने रिंग अशी झिजत नाही, धूळ गेल्याने झिजते. या गाडीत कॉम्प्रेसर हवा घेतो ती इंजिनाच्याच एअर क्लीनरच्या पुढच्या नळीतून. मी एअर क्लीनर आणि इंजिन यांच्यामधली रबरी नळी काढली. वरून धड दिसत होती, खालून मात्र क्लिपेच्या कडेला वीतभर चिरलेली. आतून बोट फिरवलं तर पांढरी बारीक वाळू बोटाला लागली. सिलिका म्हणजे क्वार्ट्झ. काठिण्यात तो लायनरच्या बीडापेक्षा आणि रिंगेपेक्षा कठीण. दर फेरीला खाणीवर तासभर इंजिन चालू ठेवून गाडी धुळीत उभी, आणि क्लीनर चुकवून ती धूळ सरळ इंजिनात. क्लीनर ऑइल बाथचा, म्हणजे तेलात धूळ पकडणारा, त्याच्या वाटीत तेलाऐवजी चिखलाचा थर. म्हणजे इंजिनाने आणि कॉम्प्रेसरने एकाच वाटेने वाळू गिळली होती आणि दोघांच्याही रिंगा त्याच वाळूने खाल्ल्या होत्या. किती वर्षं, कोण जाणे. चिऱ्यांच्या खाणीवरच्या, क्रशरवरच्या गाड्यांचंही असंच होतं, पण सिलिकाएवढं वेगाने नाही.

तेल बदललं तो दिवस

कॉम्प्रेसरला नवी रिंग-पिस्टन, नवा डिलिव्हरी पाइप, हवेची नवी नळी नव्या क्लिपांसह, क्लीनरची वाटी धुऊन खुणेपर्यंत तेल, टॅपेट कव्हरचं पॅकिंग. या सगळ्याचा खर्च इंजिन बांधण्याच्या खर्चाच्या दहाव्या हिश्श्यातही आला नाही. मग ऑइल.

कुठलं तेल, यावर अर्धा दिवस चर्चा झाली, कारण प्रत्येकाचा एक सल्लागार असतो. काकांना कोणीतरी सांगितलं होतं की थोडं नव्वदचं गिअर ऑइल मिसळलं की धूर थांबतो, आणि ते दोनदा मिसळूनही झालं होतं. गिअर ऑइलचा नव्वद हा आकडा वेगळ्या मोजपट्टीवरचा आहे. शंभर अंशांना ते साधारण ४० ते ५० च्या इंजिन ऑइलइतकंच वाहतं. म्हणजे जाडी मिळत नाहीच, उलट इंजिनाची काजळी धरून ठेवणारी रसायनं त्यात नसतात आणि गिअरच्या दातांसाठीची, इंजिनाला नको असलेली असतात. दुसरा सल्ला २०डब्ल्यू-५० या जाड तेलाचा. आमच्याकडे थंडी अशी नसतेच, त्यामुळे सकाळी तेल गोठेल ही भीती नाही, आणि त्याने धूर थोडा कमी दिसतोही. पण वाळूने झिजलेल्या रिंगेवर जाड तेल म्हणजे फाटक्या छपरावर ताडपत्री. आणि आधीच चिखल साचलेल्या वाटांतून जाड तेल हळू जातं. मी १५डब्ल्यू-४० वर ठाम राहिलो, एपीआय सीआय-४ दर्जाचं, सीलबंद कॅनमधलं. सीआय-४ हा दर्जा २००२ मध्ये आला. त्यानंतरच्या २००६ च्या सीजे-४ मध्ये राख कमी ठेवण्याची अट आली ती धुराच्या फिल्टरसाठी, आणि तसला फिल्टर या गाडीला नाहीच. महाग सिंथेटिक नको. जे तेल अजून काही महिने जळणारच आहे, त्यात पैसे घालू नयेत. मात्र वरून घालायचं तेही अगदी तेच, म्हणून जादा कॅन काकांच्या केबिनमध्ये ठेवायला लावला. रस्त्यात मिळेल ते सुटं तेल बंद.

गाडी कोल्हापूरहून आली तशी गरम असतानाच, सपाट फरशीवर घेऊन ड्रेन बोल्ट सोडला. गरम तेल पातळ असतं आणि काजळी तरंगत असते, ती त्याच्याबरोबर बाहेर येते. थंड गाडीचं तेल काढलं की अर्धी घाण तळालाच चिकटून राहते. हात भाजू नये एवढं बघायचं. तेल आलं ते डांबरासारखं, आणि शेवटी बोल्टाच्या भोकापाशी काळ्या खिरीसारखं थबकलं. पूर्ण निथळायला अर्धा तास दिला. घाई करणारे इथेच एक-दीड लिटर जुनं तेल आत ठेवून देतात.

फिल्टर करवतीने कापून उघडला. हा माझा नेम आहे, आणि प्रत्येक मालकाला मी तो समोर बसून बघायला लावतो. कागदाच्या घड्यांमध्ये काळा मऊ लगदा, इतका की घड्या सुट्याच होईनात. लगदा डिझेलमध्ये धुतला तेव्हा तळाशी वाळूचे कण बोटांना टोचले आणि काही चकचकीत कण दिसले. लोहचुंबकाला ते बरेच चिकटले, म्हणजे रिंग-लायनरचे. जे चिकटले नाहीत ते थोडे होते, बेअरिंगांनी अजून हार मानलेली नव्हती.

एक मोह मी टाळला. बाजारात फ्लशिंगचं तेल मिळतं, ते घालून इंजिन धुतात. दीड वर्षाचा चिखल एकदम सुटला तर तो ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो, तेलाचा दाब जातो आणि घाटात क्रँक धरतो. चांगल्या नव्या तेलातली रसायनं हेच काम हळूहळू करतात. त्यांना वेळ द्यायचा, आणि ते सुटलेलं बाहेर काढायला फिल्टर लवकर बदलायचा.

नवा तांब्याचा वायसर, नवा फिल्टर, त्याच्या रबरी रिंगेला बोटाने तेल. मग चौदा लिटर नाही, तेरा. पट्टीच्या दोन खुणांच्या मध्याच्या थोडं वर. या इंजिनाने वरचं लिटर नेहमीच सगळ्यात आधी उडवलं होतं. मग डिझेल बंद करणारा स्टॉपर ओढून धरून सेल्फ मारला, गेजचा काटा हलेपर्यंत. रिकामा फिल्टर भरण्याआधी इंजिन पेटलं तर पहिले काही क्षण बेअरिंगं कोरडी फिरतात. काटा हलल्यावर स्टॉपर सोडला.

निघालेल्या तेलाबद्दल एक सांगायलाच हवं. दुसऱ्या दिवशी दोन जण आले, कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून काळं तेल मागायला. मी देत नाही. आमची जमीन जांभ्याची, भोकाभोकांची. वर ओतलं की पावसाबरोबर खाली विहिरीतच जाणार, आणि आमच्या बहुतेक वाड्या विहिरीवरच जगतात. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल येतं. ते परवाना असलेल्या पुनर्प्रक्रियावाल्यालाच द्यायचं. माझ्याकडे त्यासाठी झाकणाचं पिंप आहे. काही लोक नाराज होतात, होऊ देत.

फेब्रुवारी ते मे

हजार किलोमीटरला फक्त फिल्टर बदलला. पुन्हा लगदा, पण निम्मा. त्यानंतरच्या दहा फेऱ्यांची वही: २०५० किलोमीटर, डिझेल ५१२ लिटर, तेल २ लिटर ९०० मिली. चारशे किलोमीटरला लिटर जात होतं ते सातशेला आलं. इंजिनाला हातही न लावता निम्म्याच्या जवळपास घट. टाकीतून आता नुसतं पाणी येत होतं.

काका खूश होऊन म्हणाले, आता तर बदलायची गरज आणखी कमी. मी म्हटलं, उलट. आता ताजं तेल कमी जाणार, रिंगा मात्र तेवढ्याच सैल आहेत, म्हणजे काजळी तेवढीच येणार. तुमचा जुना हिशेबही आता तुमच्या बाजूने नाही: तेल सरासरी ५६०० नाही, नऊ हजार किलोमीटरच्या वरचं होईल. म्हणून पाच हजारांवर पूर्ण ऑइल आणि फिल्टर, जूनपर्यंत. त्यांनी वहीत मागच्या पानावर ते लिहून घेतलं.

याच काळात मी त्यांना आणि पोराला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, कारण बॅक कॉम्प्रेशन असलेल्या, तेल जास्त भरलेल्या डिझेलला हा धोका असतो. ब्रीदरमधून किंवा रिंगांवाटे तेल इतकं आत जाऊ शकतं की इंजिन डिझेलशिवाय, स्वतःच्या तेलावरच धावू लागतं. मग स्टॉपर ओढून उपयोग नाही, आरपीएम चढतच जातात. अशा वेळी हवा बंद करायची: हवेच्या तोंडावर फळी किंवा जाड गोणपाट घट्ट दाबायचा. हात कधीही लावायचा नाही. केबिनमध्ये असाल तर ब्रेक दाबून वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा, इंजिन दबून बंद पडेल. काकांनी सीटखाली फळी ठेवली ती अजून तिथेच आहे.

जून

पहिल्या मोठ्या पावसाबरोबर गाडी माझ्याकडे आली. हेड उतरवला, पिस्टन काढले. लायनरच्या वरच्या कडेला, जिथे पहिली रिंग परत फिरते, नख अडकेल एवढी पायरी. पहिल्या रिंगा लायनरच्या तळाच्या न झिजलेल्या भागात बसवून फीलर गेजने टोकांतलं अंतर घेतलं. एवढ्या बोअरला नवी असताना ०.३ ते ०.५ मिलिमीटर शोभतं, इथे दीडच्या वर. सहाव्या सिलिंडरचे वाल्व ठीक निघाले. त्याच्या वरच्या रिंगा आणि ऑइल रिंग कार्बनने घळीतच जाम झाल्या होत्या, पिस्टनमधली तेल परत जाण्याची भोकं पूर्ण बुजलेली. म्हणजे फक्त वाळूने हे झालं नाही. दीड वर्षाच्या जुन्या तेलाने त्या रिंगांना चिकटवून टाकलं होतं. तेल वेळेवर बदललं असतं तर सहावा बाकीच्या पाचांसारखाच राहिला असता, असं माझं मत आहे. काका त्या पिस्टनकडे बराच वेळ बघत होते. मग खिशातून पाकीट काढलं आणि त्यातला तो जानेवारीतला थेंबाचा कागद पिस्टनशेजारी ठेवला.

लायनर-पिस्टनचा पूर्ण संच, बेअरिंगं, मागचं सील, सगळं केलं. पहिले हजार किलोमीटर रिंगा बसेपर्यंत तेल थोडं जास्त जातं, हे आधीच सांगून ठेवलं, नाहीतर मालक घाबरतात.

गणपतीच्या आधी काका गॅरेजवर आले. हजारचं तेल त्यांनी घरीच, पोराला घेऊन, अंगणात बदललं होतं आणि काळं तेल कॅनमध्ये भरून माझ्या पिंपासाठी आणलं होतं. फिल्टर करवतीने कापून वर्तमानपत्रात गुंडाळलेला. त्यांनी वही उघडून शेवटची ओळ दाखवली: "१००० कि.मी. तेल बदलला. वरसून घातला ४०० मिली." मग फिल्टरच्या घड्या एकेक करून उलगडत म्हणाले, "बघ मिस्त्री, वाळू नाय."